ऐकायची काठी

"काठी मिळणार नाही," स्टोअरकीपर म्हणाला आणि पुन्हा चष्मा पुसायला लागला.

"अरे, पण ती माझी आहे!"

"तुझी कशी? सरकारी आहे. डेडस्टॉकच्या वहीत चढलेली आहे. 'श्रवणदंड, लाकडी, परदेशी, नग एक.' परदेशी माल देशाबाहेर न्यायचा म्हणजे वरून मंजुरी पाहिजे."

"परदेशी माल परदेशातच नेतोय ना!"

"तेच तर म्हणतोय. तिकडचीच ती. गेली आणि माहेरी रमली, तर परत येईल कशावरून?"

कानसेननं कपाळाला हात लावला. पंपघरात त्याला सगळे कानसेनच म्हणायचे. पगाराच्या दिवशी सोडलं तर त्याचं खरं नाव कुणाला आठवायचंही कारण नव्हतं. गावाला पाणी चढवणाऱ्या पंपघरात तो मेकॅनिक होता आणि ही काठी म्हणजे त्याचा तिसरा कान. काठीचं एक टोक चालत्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की पंपाच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. खरं सांगायचं तर ती काठी म्हणजे फावड्याचा तासलेला दांडा होता. पण एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या काठीकडे बोट दाखवून "हे काय?" म्हणून विचारलं, आणि घाबरलेल्या कारकुनाच्या तोंडून निघून गेलं, "परदेशातून आलंय साहेब." ते खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, "मग नोंद कुठाय?" झालं! त्या दिवसापासून फावड्याचा दांडा सरकारी यंत्रसामग्रीत जाऊन बसला. दरवर्षी त्याची मोजणी व्हायची. एका वर्षी तर त्याची देखभाल समाधानकारक आहे असंही वर कळवलं गेलं होतं.

"न्यायचीय कशाला पण?" स्टोअरकीपरनं विचारलं. "तिकडे नवे पंप बसवायला चाललायस, नवी हत्यारं मिळतील की."

"वस्तादांना दाखवायचीय," कानसेन म्हणाला. "जिवंत असतील तर."

स्टोअरकीपरचा चष्मा पुसणारा हात थांबला. तोही याच गावचा. नळ कोरडे पडले होते ते दिवस त्यानंही पाहिले होते, आणि त्यानंतर आलेलं पाणीही तो प्यायला होता. त्यानं उठून काठी काउंटरवर आणून ठेवली.

"कागद नको. आयुष्यभर कागद सांभाळले, एकानं कधी पाणी पाजलं नाही. शब्द दे. नग एक परत आणीन म्हण."

"नग एक परत आणीन," कानसेन म्हणाला.

घरी जाताना त्यानं काठी खांद्यावर टाकली होती, आणि रस्त्यानं भेटेल तो विचारत होता, "कोणाला झोडायला निघालास?"

वस्ताद इकडे आले ते फार पूर्वी. तेव्हा कानसेन नुकता कामाला लागलेला होता, आणि त्याला कानसेन कुणी म्हणत नव्हतं. गावाचे जुने पंप मोडीत निघाले होते. आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. तेव्हा त्या दुसऱ्या देशाशी करार झाला. तो देशही काही लक्षाधीश नव्हता. आपल्यासारखाच, ठिगळं लावून संसार चालवणारा. पण त्यांच्याकडे पंपांचा कारखाना होता आणि आपल्याकडे नव्हता. आपल्याकडे औषधं बनत होती आणि त्यांच्याकडे नव्हती. दोन शेजारणींनी वाटीभर साखर देऊन वाटीभर पीठ घ्यावं, तसा तो करार. पंप आले आणि पंपांबरोबर वस्ताद आले.

त्यांचं नाव इतकं लांबलचक होतं, की पुरतं उच्चारेपर्यंत ते पुढच्या पंपाकडे निघून गेलेले असायचे. म्हणून वस्ताद. ताडमाड देह, खांदे दाराला घासतील असे, आणि बोलणं शून्य. त्यांना इकडची भाषा येईना, इकडच्यांना त्यांची. मग हातच बोलायला लागले. मूठ फिरवली म्हणजे आवळ. दोन बोटं मनगटावर आपटली म्हणजे बेअरिंग बघ. गाल फुगवले म्हणजे पंपानं हवा धरलीय. आणि तळहात सपाट करून हवेत आडवा धरला म्हणजे असू दे, ठीक आहे, चालू दे.

ही शेवटची खूण कानसेनच्या वाट्याला कधी आली नाही. इतरांना यायची, त्याला नाही. त्यानं काम केलं की वस्ताद काठी टेकवून ऐकायचे आणि मूठ फिरवायचे. पुन्हा केलं की दोन बोटं मनगटावर. त्यानं पान्याला आधी हात लावला की हातावर चापट बसायची आणि त्याच्याच कानाची पाळी ओढली जायची. आधी ऐक, मग पाना. रोज सकाळी चहाच्या आधी सगळे पंप ऐकायचे, हा त्यांचा नेम. चांगलं बेअरिंग लांब कुठेतरी दळण चालल्यासारखं वाजतं, बिघडू लागलेलं घासात खडा आल्यासारखं. हे त्याला कुणी सांगितलं नाही. कान ओढून ओढून त्याच्यात भरलं. सुरुवातीला तो मनातल्या मनात वस्तादांना शिव्या घालायचा. नंतर त्याला कळलं की पाळी फक्त त्याचीच ओढली जाते, बाकीच्यांना वस्ताद सोडून देतात. कळलं त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या.

वस्तादांची काठी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असे. खिळा त्यांच्या उंचीचा. कानसेन पडला बुटका. काठी काढायची तर त्याला टाचा उंचावून लोंबकळावं लागायचं आणि अख्खं पंपघर हसायचं.

मग बायकोचं बाळंतपण आलं, म्हणून तो सुट्टी काढून सासुरवाडीला गेला. लेक झाली. ती बातमी वस्तादांना सांगायला कोणती खूण करायची, याचा विचार करत तो परत आला, तर पंपघरात वस्ताद नव्हते. मुदत संपली, त्यांच्या सगळ्या मंडळींना ठरल्यापेक्षा आधीच बोलावणं आलं, गेले. कानसेननं भिंतीकडे पाहिलं. वर नुसतं भोक होतं. खिळा उपटून खाली ठोकलेला होता, बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीला. आणि त्याला काठी टांगलेली होती.

तो तिथे उभा राहून रडला. पंप चालू होते म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर आयुष्य गेलं ते त्या खिळ्यापाशीच. पंप त्यानं कधी बंद पडू दिले नाहीत. गावाला रोज पाणी आलं. त्याला बढती मिळाली, दोन खोल्यांचं घर झालं, लेक शिकली, नर्स झाली, चांगल्या घरी पडली. "आपलं सगळं त्या खिळ्याला टांगलेलं आहे बघ," तो बायकोला म्हणायचा. वस्तादांना पत्र लिहावं तर भाषा नाही, पत्ता नाही. आभार तेवढे राहून गेले.

आणि आता चाक उलटं फिरलं होतं. मधल्या काळात त्या देशाचे दिवस फिरले, त्यांचा पंपांचा कारखाना बंद पडला. इकडे मात्र त्यांच्याच नकाशांवरून शिकून पंप बनवणारा कारखाना उभा राहिला होता. पुन्हा करार झाला. या वेळी पंप इकडून तिकडे निघाले, आणि पंपांबरोबर एक जाणता मेकॅनिक धाडायचा ठरला. कानसेनची निवृत्ती तोंडावर आलेली. साहेबांनी विचारलं, "जाणार का?" तो "हो" म्हणाला तेव्हा साहेबांचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

"जा," बायको म्हणाली. ती काठीसाठी जुन्या चादरीची खोळ शिवत होती. "पण तिकडे जाऊन मुखदुर्बळासारखे उभे राहू नका. लग्न झाल्यापासून ऐकतेय, आभार राहिले, आभार राहिले. माझे कान किटले. एकदा काय ते बोलून मोकळे व्हा."

"भाषा कुठे येते?"

"शिका! एक वाक्य शिकायला काय जातं? लेकीची बातमी पण राहिलीय सांगायची."

"ती आता दोन पोरांची आई आहे."

"मग तेही सांगा," ती दातानं दोरा तोडत म्हणाली.

तिकडे उतरल्यावर सामान तपासणाऱ्यांनी खोळ उसवायला लावली. काठी पाहून तिघं जमले. कानसेननं तिचं एक टोक बॅगा सरकवणाऱ्या पट्ट्याच्या रुळावर टेकवलं आणि दुसरं त्यातल्या एका तपासनिसाच्या कानाला लावलं. तपासनिसाचे डोळे मोठे झाले. त्यानं मग बाकीच्या दोघांनाही ऐकवलं, आणि काठी मानानं परत दिली.

घ्यायला एक दुभाषी मुलगी आली होती. तिनं कानसेनची भाषा कुठल्याशा कॉलेजात पुस्तकातून शिकलेली. "आपला प्रवास सुखकर झाला असावा अशी मी आशा बाळगते," ती म्हणाली, आणि कानसेनला उगाचच शर्टाची वरची गुंडी लावावीशी वाटली. रस्ता लांबचा होता. वाटेतच त्यानं आपलं घोडं पुढे दामटलं.

"पोरी, मला तुमच्या भाषेतलं एक वाक्य शिकव."

"अवश्य. कोणते?"

"'तुम्ही खिळा खाली ठोकलात, ते मला कळलं होतं.'"

ती गोंधळली. "खिळा म्हणजे... लोखंडाचा?"

"हो. भिंतीतला."

"क्षमा करा, परंतु 'मी आपला आभारी आहे' हे पुरेसे होणार नाही का?"

"तेही घाल मागनं. पण खिळा आलाच पाहिजे."

मग त्यानं तिला सगळी हकिगत सांगितली. ती ऐकत राहिली, आणि शेवटी तिचं पुस्तकी बोलणं सुटून गेलं. "काका," ती म्हणाली, "पुन्हा म्हणा. जीभ वर टाळूला लावा. हां. असं." गाडी पोचेपर्यंत तो ते वाक्य पोरानं पाढा घोकावा तसं घोकत होता. ड्रायव्हरचंही पाठ झालं असावं.

तिथलं पंपघर पाहून तो दारातच थबकला. त्याचंच पंपघर! एकाच नकाशावर बांधलेलं. तसाच दरवाजा, तशाच उंचावरच्या खिडक्या, तसाच ओलसर तेलाचा वास. जुने पंप कण्हत चालले होते. मुख्य मेकॅनिक एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. कानसेननं सवयीनं जवळच्या पान्याकडे हात नेला, आणि त्या बाईनं त्याच्या हातावर चटकन चापट मारून स्वतःच्या कानाची पाळी ओढून दाखवली.

कानसेन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मूठ फिरवली. तिनं दोन बोटं मनगटावर आपटली. त्यानं गाल फुगवले. ती खदखदून हसली आणि दुभाषीला काहीतरी भराभरा सांगू लागली.

"काका, त्या विचारतात, हे तुम्हाला कुठून येतं? ही तर त्यांच्या वडिलांची भाषा आहे."

"वडील? वस्ताद? आहेत?"

"आहेत. कालव्यापलीकडे घर आहे. त्या म्हणतात, काम सुटलं की चला."

कानसेनला त्या बाईच्या पाया पडावं की तिला मिठी मारावी, काही सुचेना. गुरूची लेक, त्यात त्याच हाताखाली शिकलेली. म्हणजे आपली गुरुबहीणच की ही! त्यानं तिचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला आणि नुसता हलवत राहिला.

संध्याकाळी ती तिघं घरी गेली. वस्ताद खिडकीशी बाजेवर बसलेले होते. ताडमाड माणूस वाकून निम्मा झाला होता. खांदे तेवढे तसेच. कानसेन पुढे झाला, ताठ उभा राहिला, जीभ टाळूला लावली आणि एका दमात वाक्य म्हणून टाकलं. खिळा, खाली, कळलं होतं, आभार. एक अक्षर चुकलं नाही.

वस्ताद त्याच्या ओठांकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

गुरुबहीण हळू आवाजात बोलली. दुभाषीनं ते सांगायला वेळ लावला. "काका... त्यांना ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. पंपांनीच कान खाल्ले, त्या म्हणतात. ताईंना वाटलं, तुम्हाला कल्पना असेल. कान गेल्यापासून वस्तादांनी पंपघराचा उंबरठासुद्धा ओलांडला नाही. घरात सगळे हातांनीच बोलतात."

ज्यानं ऐकायला शिकवलं, त्यालाच ऐकू येऊ नये! आता सांगायचं कसं? हातांच्या त्या भाषेत आवळायला खूण होती, हवा धरली त्याला खूण होती, पण आभाराला खूणच नव्हती. कधी लागलीच नव्हती.

त्यानं खोळ सोडली आणि काठी वस्तादांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याची बोटं तिच्यावरून फिरली. एका टोकाला, जिथे वर्षानुवर्षं कान टेकून लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथे थांबली. वस्तादांनी मान वर करून त्या बुटक्या माणसाकडे नीट पाहिलं. आणि वाकून त्याच्या कानाची पाळी धरून ओढली.

ओळख पटली होती. कानसेन हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. त्यानं बाळ जोजवल्याची खूण केली, मग लेक केवढी झाली ते हातानं दाखवलं, मग तिची दोन पोरं दाखवली. वस्ताद मान हलवत राहिले. सगळं सांगून झालं. जे सांगायचं होतं ते मात्र राहिलं.

नवे पंप बसवायचं काम सुरू झालं. गुरुबहीण आणि कानसेन दिवसभर पंपघरात असायचे. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, आणि अडतही काही नव्हतं. काम सुटलं की तो कालव्यापलीकडे जाऊन वस्तादांशेजारी बसायचा. कधी कधी नकळत ते वाक्य पुटपुटायचा. "काका, जाऊ द्या ना," दुभाषी म्हणायची, "त्यांना कळलं असेल." "असेल" म्हणून त्याचं समाधान होत नव्हतं. बायकोला काय सांगणार, बहिऱ्यापुढे बोलून आलो?

पंप सुरू व्हायच्या दिवशी दोन्हीकडचे अधिकारी आले. भाषणं झाली. विकसनशील देशांनी एकमेकांचा हात धरूनच पुढे गेलं पाहिजे, काल त्यांनी दिलं, आज आम्ही देतो आहोत, उद्याही हे असंच चालावं, असं कोणी कोणी म्हणालं. भाषणं वाईट नव्हती. कानसेनला तर ती शब्दन् शब्द पटत होती. फक्त त्याचं लक्ष मागच्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे होतं. गुरुबहिणीनं वडिलांना जवळजवळ ओढत आणून तिथे बसवलं होतं. बटण दाबलं गेलं. पंप घुमले, पाइप थरथरले, बाहेरच्या हौदात पाणी धबधबून पडलं आणि टाळ्या झाल्या. मंडळी चहाला गेली.

कानसेननं वस्तादांचा दंड धरला आणि पंपघराच्या दाराकडे बोट केलं. वस्तादांनी मान हलवली. नको. त्यांनी आपल्या कानाला बोट लावून हात झटकला. कानसेननं त्यांचीच चापट त्यांना परत केली, हलकेच, हातावर. मग कानाची पाळी ओढून दाखवली. आधी ऐक.

वस्ताद उठले. पहिल्या पंपापाशी जाऊन त्यांनी कानसेननं पुढे केलेली काठी टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावलं. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. काही नाही. म्हातारा तसाच वाकून उभा, आणि कानसेनला वाटलं, आपण हे काय करून बसलो? ज्या दुःखाला त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं, ते आपण आत घेऊन आलो. तो काठी काढून घ्यायला पुढे झाला.

इतक्यात वस्तादांनी काठी कानावरून हळूहळू गालावर आणली. गालावरून जबड्यावर. तिथे थांबले. डोळे बारीक केले. मग तोंड उघडून त्यांनी काठीचं टोक उरल्यासुरल्या दातांत धरलं.

त्यांचा चेहरा उजळला. उघड उघड उजळला, दिवा लावल्यासारखा. डोळे मिटून ते ऐकत राहिले. ऐकू येत होतं की नुसतं हाडांत जाणवत होतं, कोण जाणे. एका पंपाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे ते काठी दातांत धरून गेले. तिसऱ्यापाशी थांबले आणि मूठ फिरवली. आवळ.

कानसेननं पान्यानं पंपाच्या पायातले बोल्ट पाहिले. एक खरोखरच जरासा ढिला होता. तो आवळताना त्याला इतकं हसू येत होतं, की पाना घसरत होता. म्हातारपणी, दुसऱ्या देशात येऊन, पुन्हा मूठच वाट्याला! गुरुबहीण भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं. तो उठला. वस्तादांच्या दातांत काठी होतीच. तिचं पंपावरचं टोक त्यानं उचललं आणि स्वतःच्या गळ्याच्या घाटीवर टेकवलं. जीभ टाळूला लावली.

"तुम्ही खिळा खाली ठोकलात," तो त्यांच्या भाषेत म्हणाला, "ते मला कळलं होतं."

वस्तादांचे डोळे उघडले.

त्यानं पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज कापला, आणि तो कापही काठीतून पलीकडे गेला असणार, कारण म्हाताऱ्याचे ओठ थरथरले. तो शेवटचा भाग म्हणाला, आभाराचा. पंप घुमत होते. दारात उभी असलेली दुभाषी मुलगी तोंडावर हात धरून ऐकत होती.

वस्तादांनी काठी तोंडातून काढली. मग त्यांनी उजवा हात उचलला, तळहात सपाट केला आणि हवेत आडवा धरला.

निघायच्या आदल्या दिवशी कानसेननं वस्तादांच्या बाजेशेजारच्या भिंतीत खिळा ठोकला. खाली, बसल्या माणसाच्या हाताला येईल असा. काठी त्याला टांगली. गुरुबहिणीनं लगेच ती काढून वडिलांच्या दातांत दिली, दुसरं टोक आपल्या गळ्याला लावलं आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" कानसेननं विचारलं.

"विचारतेय, रात्री जेवायला काय करू," दुभाषीनं सांगितलं. वस्तादांनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं. कानसेननं त्यांचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात त्याला स्टोअरकीपर आठवला, आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. शब्द दिला होता! दुभाषीकडून सगळा घोटाळा समजला तेव्हा गुरुबहीण पोट धरून हसली आणि तिनं तो काठीतून वडिलांच्या दातांत जसाच्या तसा पोचवला. वस्ताद उठून परसात गेले. फावड्याचा एक दांडा शोधून आणला. रंधा मागितला. उन्हात बसून त्यांनी तो तासला, घासला, तेल चोळलं. शेवटी टोक दातांत धरून करकचून चावून पाहिलं, आणि कानसेनच्या हातात दिला.

स्टोअरकीपरनं काउंटरवरची काठी उलटसुलट करून पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही ती नाही."

कानसेननं डेडस्टॉकची वही उघडून त्याच्यापुढे धरली.

"लाकडी?"

"लाकडी."

"परदेशी?"

"परदेशी. करणारे हातही तेच."

"भेटले म्हणायचे," स्टोअरकीपर म्हणाला. मग त्यानं काठीच्या टोकाशी बोट नेलं. "आणि हे काय? उंदरानं कुरतडलंय?"

"नाही रे," कानसेन म्हणाला. "ती तपासणीची खूण आहे."

स्टोअरकीपरनं वहीत खूण केली. "नग एक. बरोबर," एवढं म्हणून काठी त्याच्यापुढे सरकवली. कानसेन ती घेऊन पंपघरात गेला. दातांच्या खुणांवरून त्यानं एकदा अंगठा फिरवला, आणि काठी पहिल्या पंपावर टेकवली. चहा अजून व्हायचा होता.